तापलेल्या बेअरिंगची कैफियत

बोरघाटातून चाकांची वाहने चढू शकतील असा रस्ता १८३० साली खुला झाला, आणि मुंबईहून खाडीमार्गे येऊन पुण्याची वाट धरणाऱ्या प्रवाशांना व मालाला पनवेल येथे नाव सोडून गाडी पकडणे भाग पडू लागले. १८६३ साली आगगाडीने तोच घाट सर केला तेव्हा ती वर्दळ कर्जतच्या बाजूने निघून गेली खरी, परंतु फिरत्या आसाशी जडलेले या गावाचे नाते त्यामुळे तुटले नाही. गाड्यांची चाके करणाऱ्या सुतारांपाठोपाठ येथे भाताच्या गिरण्या आल्या, १९६० नंतरच्या दशकात दिव्याकडून लोहमार्ग आला, तळोज्यास औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यावर कंटेनरांच्या लांबच लांब मालगाड्या पनवेल स्थानकावरून जाऊ-येऊ लागल्या. ज्या गावात इतकी चाके फिरतात तेथे आस कोठे तापला, का तापला आणि त्याचा जाब कोणी द्यावयाचा यावर वाद होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

पुढील संवादातील दोन्ही गृहस्थ कल्पित आहेत. एक भाताच्या गिरणीचे मालक असून त्यांना सारे शेठजी म्हणतात. दुसरे रेल्वेच्या वाघिणी तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि आता होतकरू मुलांना फिटरकाम शिकवणारे, म्हणून मास्तर. त्यांच्या तोंडी घातलेले यंत्रदोष मात्र कल्पित नाहीत; ते कोणत्याही गिरणीत, पिठाच्या चक्कीत, पाण्याच्या पंपावर किंवा रसायनांच्या कारखान्यात शोधणाऱ्यास आढळतील.

शेठजी : मास्तर, तुमची हयात वाघिणींचे आस तपासण्यात गेली, म्हणून हे प्रकरण तुमच्यापुढे ठेवतो, परंतु निकाल मी अगोदरच दिलेला आहे, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो. मुख्य शाफ्टचे भिंतीकडील बेअरिंग या हंगामात तिसऱ्यांदा तापले. पहिल्या वेळी मी ऑइलमनला तोंडी ताकीद दिली, दुसऱ्या वेळी लेखी ताकीद देऊन एक दिवसाची मजुरी कापली, आणि तिसऱ्या वेळी, पोत्यांच्या थप्प्या छपराला भिडलेल्या असताना शाफ्टच्या टोकाशी जळका वास येऊ लागला तेव्हा, त्याला कामावरून दूर करण्याचा हुकूम लिहिला. वंगण देणे हे ज्याचे एकमेव काम, त्याच्या हाताखालचे बेअरिंग तापले तर कसूर दुसऱ्या कोणाची असणार?

मास्तर : हुकूम त्याच्या हाती पडला काय?

शेठजी : अद्याप नाही. मुनिमाच्या टेबलावर आहे.

मास्तर : मग तो घटकाभर तेथेच राहू द्या. तुमच्या वहीत त्याने ग्रीस दिल्याची नोंद आहे काय?

शेठजी : रोजची आहे, आणि तेच मला अधिक खटकते. ग्रीस दिले असते तर बेअरिंग तापले नसते. ज्या अर्थी तापले त्या अर्थी ग्रीस दिले नाही. आणि ज्या अर्थी दिल्याची सही आहे त्या अर्थी सही खोटी आहे.

मास्तर : शेठजी, हा तर्क मामलेदार कचेरीतल्या नवख्या कारकुनानेही फेटाळला असता, कारण त्यातले पहिलेच विधान सिद्ध झालेले नाही. मी उलट असे धरून चालतो की त्या गड्याची सही खरी आहे; पहिल्या ताकिदीनंतर त्याने भीतीने दुप्पट ग्रीस दिले आणि मजुरी कापल्यावर चौपट दिले. आता त्याचा परिणाम पाहा. बेअरिंगच्या आत जी मोकळी जागा असते तिचा साधारण तिसरा ते अर्धा हिस्सा ग्रीसने भरावा, असा नियम आहे, आणि शाफ्ट जितका वेगाने फिरणारा तितके ते कमीच भरावे. उरलेली जागा रिकामी असते ती कोणाच्या आळसामुळे नव्हे. फिरत्या रोलरांनी बाजूला सारलेले ग्रीस जाऊन बसावे यासाठी ती राखलेली असते. ती जागाही भरून टाकली की ग्रीसला जाण्यास ठाव राहत नाही, रोलर त्यातूनच वाट काढीत फिरू लागतात, ग्रीस घुसळले जाते, आणि घुसळण्यात खर्च होणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ग्रीसगनचा दट्ट्या दाबीत राहिले की आतला दाब वाढून तोंडाशी बसवलेले सील उलटते किंवा फाटते. आणि सील फाटल्यावर भाताच्या गिरणीत काय आत जाते हे मी तुम्हाला सांगावयास नको.

शेठजी : तुसाची धूळ.

मास्तर : तुसाचीच. तूस जाळले तर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची बनते तेच द्रव्य. अशी धूळ ग्रीसमध्ये मिसळली म्हणजे वंगणच बेअरिंग खरडू लागते. तेव्हा या हंगामातला दुसरा ताप तुमच्या तोंडी ताकिदीने आणला आणि तिसरा लेखी ताकिदीने आणला, असे मी म्हटले तर तुम्ही रागावू नये.

शेठजी रागावले नाहीत, ही त्यांच्या व्यापारी स्वभावाची थोरवी. मात्र व्यापारी मनुष्य एखाद्या रकमेवरचा दावा सोडतो तेव्हा दुसरी रक्कम लगेच पुढे करतो, तसे त्यांनी केले.

शेठजी : दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेचे असो. पहिल्या वेळी तर कोणी ताकीद दिलेली नव्हती! तेव्हा का तापले? शिवाय मी ज्या ज्या जाणत्याला विचारतो तो हेच सांगतो की बेअरिंगे बिघडण्याच्या कारणांत वंगणाचा क्रम पहिला लागतो. हे खोटे काय?

मास्तर : खोटे नाही. परंतु वंगणाचा दोष निराळा आणि वंगण देणाऱ्याचा दोष निराळा. वंगण विकत कोण आणते? गेल्या पावसाळ्यापूर्वी तुम्ही डबे बदलले. स्वस्त मिळाले म्हणून चुन्याच्या साबणाचे, म्हणजे कॅल्शियमचे साधे ग्रीस घेतले. ते पाण्याला सहजी दाद देत नाही, म्हणून कोकणात ते वाईट नव्हे. पण ६० अंशांच्या आसपास त्याचा धीर सुटतो. अगोदर तेथे लिथियमचे ग्रीस होते, जे याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते. एक पुरते काढून न टाकता त्यावर दुसरे भरले. सर्वच ग्रीसे एकमेकांशी जुळवून घेतात असे नाही. काही जोड्या अशा असतात की मिसळताच मिश्रण पातळ होऊन बाहेर ओघळू लागते. त्यातून डब्याचे झाकण आषाढात उघडे राहिले. यांपैकी कोणती गोष्ट ऑइलमनच्या अखत्यारीतली होती? झाकणाची म्हणाल, तर ती मी मान्य करतो.

शेठजी : म्हणजे पहिल्या तापाला माझी काटकसर कारण, असा तुमचा शेरा?

मास्तर : तोही घाईचा शेरा होईल. मुख्य कारण मला शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दिसले. गेल्या हंगामाच्या अखेरीस तुम्ही दोन्ही बेअरिंगे नवी बसवून घेतलीत. ज्या ठाण्यात बेअरिंग बसते त्या प्लमर ब्लॉकमध्ये बेअरिंगला आडवे सरकू न देणाऱ्या कड्या घालण्याची सोय असते. अशा कड्या एकाच ठाण्यात घालावयाच्या असतात आणि दुसऱ्या ठाण्यात बेअरिंगला सरकण्यास मोकळीक ठेवावयाची असते. तुमच्या कंत्राटी फिटरने त्या दोन्ही ठाण्यांत घातल्या. कदाचित पेटीत आल्या म्हणून, कदाचित हलणारी वस्तू बांधून ठेवलेली बरी या भावनेने. आता हिशेब करा. पोलादाची १ मीटर लांबी १ अंशाने तापली तर सुमारे १२ मायक्रॉनने वाढते. तुमचा शाफ्ट ३ मीटरांचा. उकड्या तांदळाच्या वाफेची टाकी त्याच्या शेजारी. सकाळच्या गार शाफ्टापेक्षा दुपारचा शाफ्ट ३० अंशांनी अधिक तापला असे धरले तर तो १ मिलिमीटरहून किंचित अधिकच लांबतो. त्या एका मिलिमीटरने जावे कोठे? दोन्ही टोकांना दार बंद. शाफ्ट लांबतो आणि दोन्ही बेअरिंगांचे रोलर कडेला रेटतो. रेटल्याने घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते, उष्णतेने शाफ्ट आणखी लांबतो. तुमचे बेअरिंग नेहमी दुपारीच तापत असे, हे मुकादमाने मला सांगितले. ऑइलमनचा आळस असता तर त्याला वेळेचे इतके पथ्य पाळण्याचे कारण नव्हते.

या शेवटच्या वाक्यात मास्तरांच्या साऱ्या विद्येचे मर्म आहे असे मला वाटते. बेअरिंग तापले एवढी बातमी फारशी उपयोगाची नसते. केव्हा तापले, चालू केल्यावर किती वेळाने, भार असताना की नसताना, एकाच टोकाला की दोन्ही, आणि तापमान चढून स्थिरावले की चढतच राहिले, या तपशिलांतच कारण दडलेले असते. नवे बेअरिंग किंवा नुकतेच ग्रीस दिलेले बेअरिंग पहिले काही तास अधिक तापते आणि जादा ग्रीस बाहेर पडले की निवते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. जे निवत नाही त्याची चौकशी करावयाची. पण मुळात तापले कशाला म्हणावे, हे शेठजींनी पुढे विचारले.

शेठजी : तापले म्हणजे तरी किती? मी हात लावतो आणि हात ठेववत नाही म्हणजे तापले, असे समजतो. माझे वडीलही तसेच समजत.

मास्तर : तळहाताला ५० ते ५५ अंशांच्या पुढे फार वेळ धीर निघत नाही, आणि ६० अंशांना तर तो लगेच मागे येतो. पण ६० ते ७० अंशांवर निमूटपणे काम करणारी कितीतरी निरोगी बेअरिंगे आहेत. वैशाखात तुमच्या पत्र्याच्या छपराखालची हवाच ४० अंशांच्या आसपास असते. त्यावर बेअरिंगचे स्वतःचे १० ते ३० अंश चढले तर त्यात नवल ते काय? उलट पौषातल्या पहाटे हाताला कोमट लागणारे बेअरिंग नेहमीपेक्षा २० अंशांनी चढलेले असू शकते, आणि हात ते सांगत नाही. म्हणून हाताने पाहण्यास माझी ना नाही, पण त्याची साक्ष अंतिम धरू नये. तळोज्यात असतात तशी महागडी यंत्रे तुमच्याकडे नसोत. साधे तापमापक आणि खडू पुरेत. ठाण्याच्या वरच रोजचा आकडा लिहावा. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांमागे ग्रीसचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे, आणि सामान्य बेअरिंगचे पोलाद १२० अंशांच्या आसपासपर्यंतच आपले माप नीट राखते. तेव्हा ६५चा आकडा वाईट नाही. कालपर्यंत ५० आणि आज ६५, हा आकडा वाईट.

शेठजी : तुमच्या रेल्वेत हीच पद्धत होती?

मास्तर : आमच्याकडे पूर्वी हात, नाक आणि कान. साध्या बेअरिंगच्या वाघिणींत आसाच्या टोकावर पितळी ब्रास बसे, त्याला आतून व्हाइट मेटलचे मऊ अस्तर, आणि खाली पेटीत तेलात भिजवलेल्या सुताच्या गुंतवळाचे पॅकिंग. ते तेल आसाला चाटवीत राही. पॅकिंग सुकले, सरकले, किंवा त्याचा एखादा धागा ब्रासखाली ओढला गेला की अस्तर वितळे, धूर निघे, प्रसंगी ज्वाळा निघे, आणि कोणी पाहिले नाही तर आसाचे टोकच तुटून गाडी घसरे. गाडी स्थानकात शिरताना आम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहून ती डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचो. जळक्या तेलाचा वास आणि आसाची शीळ ओळखायला त्यातूनच शिकलो. पुढे रोलर बेअरिंगे आली. तापण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले, पण रोलर बेअरिंग एकदा खऱ्या अर्थाने तापू लागले की विचार करण्यास फारसा अवधी देत नाही. म्हणून हाती तापमापक पिस्तुले आली आणि एकाच आसाच्या दोन टोकांची तुलना करण्याची सवय आली. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो : तापलेल्या आसावर पाणी ओतावयाचे नाही. तुमच्या गिरणीत बादली ओतली, हे मी ऐकले. बाहेरची कडी एकदम आकसते, आतली तशीच फुगलेली राहते. मोकळीक नाहीशी होते आणि पोलादाला तडा जाऊ शकतो. भार काढावा, शक्य असेल तर हळू फिरते ठेवावे, आणि आपोआप निवू द्यावे.

शेठजी : मास्तर, वंगण द्यायचे एवढेच मला ठाऊक, आणि तुम्ही त्यातूनही शास्त्र काढता.

मास्तर : शास्त्र मी काढलेले नाही. विलायतेत बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याने १८८३ च्या सुमारास आसाच्या ब्रासवर प्रयोग केले. तेल देण्यासाठी त्याने ब्रासच्या माथ्याला, जेथे सर्वांत अधिक भार तेथेच, भोक पाडले. आस तेलात बुडून फिरू लागला तेव्हा त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्याने बूच बसवले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही वर आली. अखेर दाबमापक लावला, तो दर चौरस इंचास २०० पौंडांच्या वर गेला, आणि ब्रासवरचा सरासरी भार तर १०० पौंडांचाच होता. याचा अर्थ असा की फिरता आस आपल्या फिरण्यानेच तेलाला पाचरीसारखे ब्रासखाली ओढून घेतो आणि ब्रास त्या तेलावर तरंगतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. आता तुमच्या ऑइलमनकडे वळा : तेल दिले, हे एक विधान, तेल जेथे हवे तेथे पोहोचून टिकले, हे दुसरे. भोक भलत्या जागी असेल तर सर्वांत इमानी तेलवाला घागरभर तेल ओतो, बेअरिंग कोरडेच राहील.

येथे शेठजी काही वेळ गप्प राहिले, परंतु गप्प राहणे म्हणजे मान्य करणे नव्हे. त्यांनी पुढे जे म्हटले ते मला मास्तरांच्या विद्येइतकेच वजनदार वाटते, आणि यंत्रविद्येची पुस्तके लिहिणाऱ्यांनी ते सहसा विचारात घेतलेले नसते.

शेठजी : तुम्ही सांगितले ते सारे खरे धरतो. शाफ्ट लांबला, ग्रीस चुकले, सील फाटले, कड्या जास्त घातल्या. पण मला सांगा, कारणांची यादी इतकी लांबली की शेवटी कोणाचेच नाव राहत नाही, ही तुमच्या पद्धतीची खोड नव्हे काय? फिटर म्हणेल पेटीत कड्या आल्या. ग्रीसवाला म्हणेल मागितले ते दिले. ऑइलमन म्हणेल मला कोणी शिकवले नाही. आणि भाताचा शेतकरी माल घेऊन दारात उभा, त्याला काय सांगू? तुमच्या रेल्वेत एक वाघीण काढून ठेवली तर नुकसान सरकारी तिजोरीचे. माझी गिरणी एक दिवस बंद राहिली तर कर्जाच्या खात्यावर व्याज माझ्या नावे चढते. जबाबदारी कोणा एकावर टाकली नाही तर उद्या ग्रीस कोणीच देणार नाही, हे मी माणसे सांभाळून शिकलो आहे.

मास्तर : जबाबदारी टाका, पण तिच्याबरोबर अधिकारही द्या. आमच्याकडे तपासनीस अगदी कनिष्ठ असला तरी आस तापलेला दिसताच तो वाघिणीवर सिक असा शेरा मारी, ती गाडीतून सुटी होऊन सिक लायनीत जाई, आणि मागे कितीही मालाचा खोळंबा असो, त्याला नुकसानीचा जाब कोणी विचारीत नसे. तापलेला आस पाहूनही गाडी सोडली तर मात्र विचारला जाई. तुमच्या ऑइलमनला गिरणी थांबवण्याचा अधिकार आहे काय? पहिल्याच दिवशी दुपारी त्याने मुकादमाला येऊन सांगितले होते, की बेअरिंग गरम लागते. मुकादमाने त्याला ग्रीस मारून ये म्हणून परत पाठवले. ज्याला बोलण्याचा हक्क नाही आणि शिक्षा मात्र ठरलेली आहे, तो पुढच्या वेळी सांगणार नाही. ओले फडके टाकून झाकील.

शेठजी : मुकादमाने मला हे सांगितले नाही.

मास्तर : त्यालाही ताकिदीचे भय आहेच की.

यानंतर दोघे गिरणीत गेले. तेथे मास्तरांनी आणखी पुष्कळ काही दाखवले, त्यातले थोडेच येथे देतो. तूस काढणाऱ्या हलरकडे जाणारा पट्टा घसरू नये म्हणून इतका आवळला होता की शाफ्टवरचा भार वाढला होता. आणि भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर आणि रोलर बेअरिंगचे सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते, हे ऐकून शेठजींनी पट्ट्याकडे प्रथमच संशयाने पाहिले. बेअरिंग शाफ्टवर आवळणाऱ्या निमुळत्या स्लीव्हचा नट हातोड्याने ठोकून घट्ट केलेला होता. अशाने आतली कडी फुगून रोलरांची मोकळीक खाल्ली जाते, म्हणून आवळताना मध्ये फीलर गेजची पात घालून मोकळीक मोजीत जावे लागते. नवी मोटर ज्या नव्या शेडमध्ये होती ती भरावाच्या जमिनीवर असून, खाडीकाठच्या गावात नेहमीच घडते तसे, एका कोपऱ्याला किंचित खचलेली होती; त्यामुळे कपलिंग तिरके चालत होते. मोटरीचा वेग कमी-अधिक करणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर बेअरिंगमधून विजेचा प्रवाह जाऊन आत बारीक पन्हळी पडतात, हेही मास्तरांनी जाता जाता सांगितले, पण शेठजींकडे ते ड्राइव्ह नव्हते.

खचलेल्या जमिनीवरून मास्तरांना स्वीडनची आठवण झाली. गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता यंत्रांची देखभाल पाहत असे. तेथील जमीन चिकणमातीची. गिरणी हळूहळू खचे, लांब शाफ्ट वाकडे होत, आणि बेअरिंगे तापून बिघडत. माणसे बदलून जमीन सरळ होणार नव्हती. १९०७ साली त्याने बाहेरच्या कडीची आतली बाजू गोलाच्या पृष्ठासारखी घडवलेले आणि शाफ्ट थोडा तिरका झाला तरी आपणहून जुळवून घेणारे दोन रांगांचे बॉल बेअरिंग सिद्ध केले, आणि त्यातूनच एसकेएफ ही कंपनी निघाली, जिचा कारखाना आता चिंचवडलाही आहे. आज कोणत्याही गिरणीत मिळणारे आपोआप जुळणारे बेअरिंग हे त्या खचलेल्या जमिनीचे उपकार आहेत. मात्र त्या बेअरिंगलाही मर्यादा असते, हे मास्तरांनी तातडीने जोडले, कारण शेठजींच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरू लागले होते.

शेठजी : एक शेवटचे विचारतो. हंगाम संपल्यावर गिरणी चार-सहा महिने बंद असते. त्या काळात तरी बेअरिंगला विश्रांती मिळत असेल?

मास्तर : विश्रांती नव्हे, शिक्षा. पावसाळ्यातली दमट हवा ठाण्यात शिरते, ग्रीस पांढुरके, दुधासारखे होते, रोलर जेथे टेकले तेथे गंज धरतो. शेजारून ट्रक जातात, दुसऱ्या यंत्राचे हादरे जमिनीतून येतात. थांबलेला रोलर त्याच एका जागी सूक्ष्म घासत राहतो आणि रोलरांच्या अंतराने कडीवर खुणा पडतात. दिवाळीनंतर गिरणी सुरू होताच तेच बेअरिंग गरगरते आणि तापते, आणि त्या वेळी हजर असलेला मनुष्य अपराधी ठरतो. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने पाऊण फेरा फिरवून ठेवा. त्याला ना खर्च, ना हुकूम.

शेठजींनी हुकूम मागे घेतला, पण बिनशर्त नव्हे. ऑइलमन राहील, परंतु प्रत्येक ठाण्यावर पत्र्याची पट्टी लागेल, तीवर ग्रीसचे नाव, ग्रीसगनचे झटके किती आणि किती दिवसांनी, आणि त्या ठाण्याचा जबाबदार कोण हे लिहिलेले असेल, पट्टीवरचे चुकले तर जाब विचारण्याचा अधिकार मालकाचा. मास्तरांनी आपल्या बाजूने एक कलम घालून घेतले, ते असे की तापमानाचा आकडा नेहमीपेक्षा १५ अंशांनी चढला तर ऑइलमनने शाफ्ट थांबवावा आणि त्याची मजुरी कापली जाऊ नये. या व्यवहारात कोण जिंकले हे मला सांगता येत नाही. शेठजींचे म्हणणे की नाव हवे, आणि मास्तरांचे म्हणणे की नावाला अधिकार हवा, ही दोन्ही मला ग्राह्य वाटतात, परंतु त्यांचा क्रम बदलता कामा नये. अधिकारावाचून नाव लावले तर माणूस ताप झाकतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, यंत्र तापले की आपण आरोपीच्या शोधात निघतो आणि फिर्यादीलाच कोठडीत घालतो. तापलेले बेअरिंग क्वचितच गुन्हेगार असते; पट्ट्याचा ताण, शाफ्टचा तिरकेपणा, चुकीची बसवण, चुकीचे ग्रीस आणि आत शिरलेली धूळ यांची फिर्याद तेवढे ते गुदरीत असते. आपल्याकडे मात्र बेअरिंग बदलले की काम संपले समजतात आणि काढलेले बेअरिंग त्याच दिवशी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देतात. पुढचे नवे बेअरिंग त्याच कारणाने तापण्यास मोकळे होते.

म्हणून पनवेल, तळोजे, रसायनी या टापूतल्या गिरणीमालकांना आणि कारखानदारांना माझी एवढीच विनंती आहे, की बिघडलेले बेअरिंग काढल्यावर ते रॉकेलने धुऊ नका आणि भंगारात टाकू नका. कोणत्या यंत्राचे, कोणत्या टोकाचे आणि कोणत्या तारखेचे हे त्याला चिठ्ठी बांधून लिहा, आणि जाणत्या फिटरकडून ते कापून उघडून घ्या. आतल्या कडीचे भोक चकचकीत घासलेले असेल तर ती शाफ्टवर सैल होती. रोलरांची वाट कडीच्या एका कडेला सरकलेली असेल तर शाफ्ट आडवा रेटत होता. वाट तिरपी असेल तर ठाणी एका रेषेत नव्हती. पोलाद निळे पडले असेल तर ते फार तापलेले होते. आणि ग्रीसमध्ये बोट घालून चोळल्यावर कचकच लागली तर सील फाटले होते. ही पाहणी अर्ध्या तासात होते. मुनिमाच्या टेबलावरचा हुकूम तोवर थांबू शकतो.